रायस्लिपच्या रानातल्या ब्लूबेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाडव्याच्या शुभेच्छा पुरत्या वाचून होत नाहीत तोच "ब्लूबेल आल्या का हो?" सुरू होतं. ब्लूबेल म्हणजे वसंतात रानात फुलणारी निळी-जांभळी रानफुलं, आणि रायस्लिप वूड्स हे लंडनमधलं त्यांचं एक रान. विचारणारे बहुतेक वायव्य लंडनमधले मराठी लोक, आणि त्यातले बरेचसे भारतातून येणाऱ्या आई-बाबांसाठी विचारतात. तीच उत्तरं दरवर्षी नव्याने टाइप करण्याचा कंटाळा आला, म्हणून एकदाची इथे लिहून ठेवली.

१. रायस्लिप वूड्स म्हणजे बाग आहे की जंगल?

जंगल. लंडनच्या हिलिंग्डन बरोमध्ये, म्हणजे तिथल्या कौन्सिलच्या हद्दीत, साधारण ३०५ हेक्टरांवर पसरलेलं. त्यात चार मुख्य रानं आहेत: पार्क वूड, कॉप्स वूड, मॅड बेस वूड आणि बेहर्स्ट वूड. १९९७ मध्ये याला राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. झाडं मुख्यतः ओक आणि हॉर्नबीम. तिकीट नाही, फुलांचे आखलेले वाफे नाहीत, माळीही नाही. पहिल्यांदा ब्लूबेल बघायला जाणाऱ्याने पार्क वूडला जावं. उच्चार 'रायस्लिप'. आमच्या घरी पहिली दोन वर्षं 'रुइस्लिप' चालत होतं, त्यामुळे कुणाला हसत नाही.

२. नक्की कुठल्या तारखेला यायचं?

ठरलेली तारीख नसते. लंडनच्या आसपास साधारण एप्रिलच्या मध्यापासून मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत फुलं असतात. फेब्रुवारी-मार्च उबदार गेले तर लवकर, थंडी रेंगाळली तर उशिरा. एकच दिवस निवडायचा असेल तर मी एप्रिलचा शेवटचा आठवडा निवडते. गंमत म्हणजे आपल्या पंचांगातला वसंत, चैत्र-वैशाख, पुण्यात घामाने निथळताना कधी पटला नाही; इथे मात्र तंतोतंत जुळतो.

शाळांची ईस्टरची सुट्टी बहुतेक वेळा लवकर पडते. मेच्या पहिल्या सोमवारची बँक हॉलिडे फुलांसाठी बरी, पण गर्दी फार. त्यापेक्षा आठवड्याच्या मधल्या दिवशी ऑफिस सुटल्यावर या. एप्रिलअखेर रात्री आठपर्यंत उजेड असतो, आणि तिरप्या उन्हात रान सगळ्यात सुंदर दिसतं.

३. सासूबाई १० एप्रिलला परत जाणार. तोवर काहीच दिसणार नाही का?

दिसेल, फक्त निळं नसेल. ब्लूबेलच्या आधी इथे पिवळ्या-पांढऱ्याचा हंगाम असतो. फेब्रुवारी-मार्चपासून लेसर सेलंडाइनची चकचकीत पिवळी फुलं जमिनीला चिकटून उमलतात. मार्च-एप्रिलमध्ये वूड अनेमोनी येते: नाजूक देठ, पांढऱ्या पाकळ्या, उन्हाकडे तोंड. ढग आले किंवा संध्याकाळ झाली की ती मिटते आणि मान टाकते. त्यामुळे ती बघायची तर ऊन असताना, दुपारच्या सुमारास जा. पावसात जाऊन "काहीच नव्हतं" म्हणणाऱ्या लोकांच्या पायाशी ती मिटून उभी असते. मला विचाराल तर ब्लूबेलपेक्षा हीच जास्त आवडते. का ते प्रश्न ६ मध्ये.

४. कसं पोचायचं? गाडी कुठे लावायची?

मेट्रोपॉलिटन किंवा पिकॅडिली लाइनने रायस्लिप स्टेशन. तिथून पार्क वूड चालत वीस-पंचवीस मिनिटं. चालणं नको असेल तर स्टेशनवरून एच१३ बस रायस्लिप लिडोपर्यंत जाते. लिडो म्हणजे रानाला लागून असलेला तलाव, मुळात १८११ मध्ये कालव्याला पाणी पुरवायला बांधलेला. गाडीतळ तिथेच आहे, पैसे पडतात, आणि उन्हाच्या रविवारी अकरानंतर जागा मिळणं नशिबाचं काम. स्वच्छतागृहंही लिडोपाशीच आहेत, रानात नाहीत. रानात शिरण्याआधी हे काम उरकून घ्या.

चालत जाणार असाल तर वाटेत मॅनर फार्मचं तेराव्या शतकातलं ग्रेट बार्न, म्हणजे धान्याचं मोठं लाकडी कोठार, बघून घ्या. ज्यांना "नुसती फुलं काय बघायची" असं वाटतं, अशा बाबांसाठी खास.

५. ब्लूबेल म्हणजे नेमकं कसलं फूल? मराठीत काय म्हणतात?

मराठीत नाव नाही, कारण ती आपल्याकडे उगवत नाही. पश्चिम युरोपातली कंदाची वनस्पती. जगातल्या जवळपास निम्म्या ब्लूबेल एकट्या ब्रिटनमध्ये आहेत असं मानलं जातं. वीतभर उंचीचा देठ, एका बाजूला झुकलेला, त्यावर लोंबणाऱ्या निळ्या-जांभळ्या घंटा, टोकाशी पाकळ्या मागे वळलेल्या. मंद, गोड वास.

कोकणातल्यांसाठी एक नातं सांगते. रत्नागिरीच्या सड्यांवर पावसाळ्यात पांढरी दीपकाडी फुलते ना, ती आणि ब्लूबेल एकाच कुळातल्या. दोघींची युक्तीही तीच: वर्षातला बराच काळ कंद होऊन जमिनीत पडून राहायचं आणि सोयीचे थोडे आठवडे आले की घाईघाईने पानं-फुलं-बिया उरकायच्या. दीपकाडी पाण्याची वाट बघते, ब्लूबेल उजेडाची. मेमध्ये हॉर्नबीमची पानं पुरती फुटली की खाली गडद सावली पडते. त्याआधी, फांद्या उघड्या असताना, जो उजेड जमिनीपर्यंत पोचतो त्यावर हिचा वर्षभराचा संसार चालतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर तिच्यात आहे.

६. 'एन्शंट वूडलंड' अशी पाटी आहे, पण झाडं तर मनगटाएवढी बारीक! यात प्राचीन काय?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. इंग्लंडमध्ये १६०० सालापासून सलग रान असलेल्या जागेला 'प्राचीन' म्हणतात. १६०० का, तर साधारण त्या सुमारापासून बरे नकाशे मिळू लागतात, आणि त्याआधी मुद्दाम जंगल लावण्याची पद्धत फारशी नव्हती. म्हणजे १६०० मध्ये जे रान होतं ते बहुधा त्याच्याही कितीतरी आधीपासूनचं. वय मोजलं जातं ते जागेचं, झाडाचं नाही. झाड तीस वर्षांचं असेल, पण त्याखालची माती कधी नांगरलेली नाही, तिच्यातले कंद, मुळं, बुरशी कुणी उलथलेली नाही.

रायस्लिपचं रान १६०० च्याही बरंच मागे जातं. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमीन-मालमत्तेच्या मोजणीत, रायस्लिपला दीड हजार डुकरं चरतील एवढं रान आणि रानटी जनावरांसाठी राखलेलं एक आवार असल्याची नोंद आहे. अशा आवाराला 'पार्क' म्हणत. पार्क वूडमधला पार्क तो, आपला झोपाळ्यांचा नव्हे.

आता अनेमोनीकडे या. ती बियांपेक्षा जमिनीखालच्या आडव्या खोडाने पसरते, आणि इतकी हळू की शंभर वर्षांत साधारण सहा फूट सरकते असं म्हणतात. अंगणाएवढा सलग पांढरा पट्टा दिसला की मी मनातल्या मनात भागाकार करते आणि गप्प होते. नव्याने लावलेल्या जंगलात हे दृश्य विकत मिळत नाही.

७. पार्क वूडमध्ये एका पट्ट्यातली सगळी झाडं बुंध्याशी कापलेली दिसली. तक्रार कुठे करायची?

करू नका. ते कॉपिसिंग. हॉर्नबीम जमिनीलगत कापला की मरत नाही. खुंटाला धुमारे फुटतात, दहा-वीस वर्षांत पुन्हा सरळसोट काठ्या तयार होतात, त्या पुन्हा कापायच्या. प्रश्न ६ मधली 'मनगटाएवढी' झाडं ती हीच. खुंट त्यावरच्या काठ्यांपेक्षा कितीतरी जुना असतो. मधेमधे ओक मात्र वाढू देतात, घर-जहाजाच्या लाकडासाठी. हॉर्नबीमचं लाकूड लोखंडासारखं कठीण. सरपण, कोळसा आणि गिरणीच्या चाकांचे दाते यासाठी वापरायचे. मावळात राबासाठी, म्हणजे शेतात जाळायला, टहाळ तोडलेली ऐनाची झाडं ज्यांनी पाहिलीत त्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही.

या तोडीचा फुलांना फायदाच होतो. पट्टा मोकळा झाला की जमिनीवर ऊन येतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या वसंतात तिथे फुलांचा पूर येतो. मग धुमारे वाढतात, सावली दाटते, फुलं कमी होतात, आणि तोवर शेजारचा पट्टा कापायची वेळ आलेली असते. त्यामुळे मागच्या वर्षी भरलेली जागा यंदा विरळ दिसली तर हळहळू नका, दोनशे पावलं पुढे जा.

८. मग ही इंग्लंडची देवराईच म्हणायची?

पाहुण्यांना समजावताना मीही तसं म्हणायचे, आता म्हणत नाही. देवराई टिकली ती देवाच्या धाकाने, तिथली काडीही उचलायची नाही म्हणून. हे रान टिकलं ते उलट कारणाने: ते सतत कापलं जात होतं. चौदाव्या शतकात इथला ओक टॉवर ऑफ लंडन आणि विंडसरच्या किल्ल्याच्या कामाला गेला. १४५१ पासून ही जहागीर केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजकडे होती. लाकडाचं उत्पन्न होतं, म्हणून कुणी रान मोडून शेत केलं नाही. १९३० च्या दशकात लंडन पसरत आलं, तेव्हा घरं बांधली जाण्याआधी ही रानं सार्वजनिक मालकीची झाली.

साम्य एकच, आणि ते महत्त्वाचं: दोन्हीकडे माती नांगरली गेली नाही.

९. साडी नेसून फुलांत बसून फोटो काढायचा आहे. पाचच मिनिटं. चालेल ना?

नाही. ताई, दादा, काकू, कुणीही असा, नाही.

लोकांना वाटतं की फूल तोडलं की नुकसान, नुसतं पाय ठेवल्याने काय होतं. ब्लूबेलच्या बाबतीत नेमकं उलटं आहे. देठावरून एक फूल गेलं तर त्या वर्षीच्या बिया जातात, कंद शाबूत राहतो. पण पानं चिरडली की पुढच्या वर्षीसाठी कंदात साठवायचं अन्नच तयार होत नाही, आणि पानं दुसऱ्यांदा फुटत नाहीत. उजेडाचे तेवढेच आठवडे हाती असतात (प्रश्न ५). वर आपल्या वजनाने माती दबते. एकाने बसून केलेला खळगा पुढच्या दहा जणांना तयार जागा वाटतो, आणि आठवड्यात तिथे पायवाट होते. असा चट्टा भरून यायला काही वर्षं लागतात. कासला ज्यांनी गर्दीने झालेली पठाराची अवस्था पाहिली आहे त्यांना जास्त सांगायला नको.

साडी जरूर नेसा. वाटेवर उभं राहा, फोटो काढणाऱ्याला वाटेवरच खाली वाकायला सांगा; समोरच्या फुलांच्या उंचीवर फोन आणला की तुम्ही फुलांच्या मधोमध उभ्या आहात असंच दिसतं. काठाला भरजरी काही नको, चिखल आणि काटेरी ब्रॅम्बल आहे.

१०. फुलांतून एक बारीक वाट आधीच पडलेली आहे. तिच्यावरून गेलं तर?

ती वाट बहुधा गेल्या रविवारी पडलेली असते. साधी कसोटी: वाटेच्या मधोमध चिरडलेली हिरवी पानं दिसतात का? दिसत असतील तर ती वाट नव्हे, जखम आहे. खरी पायवाट उघड्या मातीची, दबलेली, दोन माणसं शेजारी चालतील इतकी रुंद असते. चिखल लागला तर चिखलातून जा, कडेने जाऊन वाट रुंद करू नका. इथली जमीन लंडनची चिकणमाती आहे, एप्रिलमध्येही बूट पकडून ठेवते. पांढरे स्नीकर्स घरी ठेवा.

११. आईला देवापुढे ठेवायला दोन फुलं तोडली तर पोलीस पकडतील का?

दोन फुलांसाठी पोलीस येणार नाहीत, पण राखीव क्षेत्रात तोडू नयेच. १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार जागेच्या मालकाच्या परवानगीशिवाय कुठलीही रानवनस्पती मुळासकट उपटणं गुन्हा आहे, आणि ब्लूबेलला १९९८ पासून जास्तीचं संरक्षण आहे: रानातले कंद खणून विकता येत नाहीत. शिवाय तोडलेलं फूल बसमध्येच मान टाकतं. आणि ही वनस्पती कंदापासून बीपर्यंत विषारी आहे, तेव्हा लहान मुलांच्या हातात देऊ नका. जुन्या काळी तिच्या चिकाचा डिंक करायचे आणि कंदाच्या खळीने कपड्यांच्या चुणीदार गळपट्ट्या कडक करायचे म्हणे.

माझ्या आईने यावर तोडगा काढला होता. रानातच हात जोडले आणि म्हणाली, "इथेच वाहिली."

१२. रानातून नाही, दुकानातून कंद घेऊन पुण्याला नेले तर येतील का?

भारतात कंद नेण्यासाठी वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र आणि आयातीची परवानगी लागते. बॅगेत लपवून नेऊ नका. आणि नेले तरी त्यांना लांब, गार, ओला हिवाळा लागतो. पुण्याची थंडी म्हणजे त्यांच्या लेखी शरद ऋतू. इथेसुद्धा बी पेरल्यापासून फूल यायला पाचेक वर्षं जातात.

१३. आमच्या हॅरोच्या बागेत ब्लूबेल भरपूर आहेत. मग इतक्या लांब कशाला जायचं?

बागेतल्या बहुतेक स्पॅनिश किंवा संकरित असतात. ओळख अशी: स्पॅनिशचा देठ ताठ, फुलं चहूबाजूंना, घंटा पसरट, रंग फिकट, पानं रुंद आणि वास जवळजवळ नाही. इंग्लिशचा देठ झुकलेला, फुलं एका बाजूला, घंटा अरुंद. पक्की खूण परागकणांत: इंग्लिशचे पिवळसर पांढरे, स्पॅनिशचे बहुधा निळसर किंवा हिरवट. संकरितमध्ये सगळी सरमिसळ होते, तिथे जाणकारही अडखळतात.

बागेत त्या असण्यात गैर काही नाही. फक्त बागेतला कचरा, उपटलेले कंद रानाच्या कडेला टाकू नका. स्पॅनिश दांडगी आहे, इंग्लिशशी तिचा संकर सहज होतो.

१४. डोळ्यांना निळी दिसतात, फोटोत जांभळी. फोन बिघडलाय का?

फोन ठीक आहे. हा रंग निळ्या आणि जांभळ्याच्या सीमेवरचा आहे आणि कॅमेरा आपल्या अंदाजाने तो एका बाजूला ढकलतो. ढगाळ दिवशी, किंवा सकाळी लवकर आणि संध्याकाळी, रंग जास्त खरा येतो. भर दुपारच्या कवडशांत अर्धा फोटो पांढरा पडतो. वरून काढलात तर पानंच जास्त येतात. वाटेवर उकिडवं बसून, फुलांना समांतर फोन धरा.

१५. रानात साप, विंचू, किडे?

विंचू विसरा. ब्रिटनमध्ये विषारी साप एकच, ॲडर, आणि तो माणसाची चाहूल लागताच सटकतो. खरी काळजी गोचिडीची घ्या. गवत-झुडपांत अंग घासलं की ती चिकटते आणि काहींच्यात लाइम आजाराचे जंतू असतात. पूर्ण पाय झाकणारी पँट, मोजे वर. घरी गेल्यावर मुलांच्या गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला बघा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढा. तेल, रॉकेल, काडी असले घरगुती उपाय नकोत. पुढच्या काही आठवड्यांत गोल पसरत जाणारा चट्टा किंवा ताप आला तर जीपीला, म्हणजे इथल्या नेहमीच्या डॉक्टरांना गाठा. आई-बाबा तोवर भारतात परतले असतील तर तिथल्या डॉक्टरांना 'इंग्लंडमध्ये गोचीड चावली होती' हे आवर्जून सांगायला लावा.

मेपासून ओकवर रांगेने चालणाऱ्या केसाळ अळ्या दिसल्या तर लांब राहा. २००६ पासून लंडनमध्ये पसरलेल्या या अळ्यांच्या केसांनी अंगावर पुरळ येतं, दम्याच्या माणसाला त्रासही होतो.

१६. मला परागकणांची ॲलर्जी आहे. ब्लूबेलने वाढेल?

ब्लूबेलचे परागकण मधमाश्या नेतात, वाऱ्यावर फारसे उडत नाहीत. त्याच दिवसांत बर्च आणि ओक मात्र फुलोऱ्यावर असतात, त्रास त्यांचा. नेहमीची गोळी घेऊन निघा. पावसानंतरचा दिवस बरा जातो.

१७. बाबांचे गुडघे दुखतात / बाबागाडी आहे. जमेल का?

लिडोच्या काठची वाट बऱ्यापैकी पक्की आहे, तिथून रानाची कड दिसते. पार्क वूडच्या आत मुळं, चढउतार आणि चिखल; छोट्या चाकांची बाबागाडी अडकते. लिडोपाशी एक फूट रुंदीच्या रुळांवरची चिमुकली आगगाडी आहे, ती तलावाला वळसा घालत झाडांतून जाते. चालवणारे स्वयंसेवक असतात, तेव्हा धावण्याचे दिवस आधी बघून घ्या. नातू आणि आजोबा दोघांची सोय एका तिकिटात झालेली मी पाहिली आहे, आणि उतरायला जास्त कुरकुर आजोबांनी केली.

१८. डबा कुठे खायचा?

लिडोच्या हिरवळीवर किंवा पूअर्स फील्ड या शेजारच्या माळावर. रानात सतरंजी नको (प्रश्न ९). शेगडी, निखारे कुठेच नकोत. तलावात पोहायलाही मनाई आहे, वाळूचा किनारा असला तरी.

१९. संध्याकाळी कुत्रा भुंकावा तसा आवाज आला, पण कुत्रा नव्हता. काय होतं?

बहुधा मुंटजॅक, म्हणजे आपल्या भेकराचा चिनी चुलतभाऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वोबर्नच्या खासगी आवारात आणला, तिथून निसटला आणि आता दक्षिण इंग्लंडभर आहे. दिसायला गोड, पण ब्लूबेलसकट रानफुलांचे कोंब खातो, म्हणून रान राखणारे त्याच्या नावाने बोटं मोडतात.

२०. रानलसणाची पानं चटणीसाठी आणता येतील का?

राखीव क्षेत्रातून नाही. इतरत्र, परवानगी असेल तिथे, एक धोका ओळखा: लिली ऑफ द व्हॅली आणि लॉर्ड्स-अँड-लेडीज या दोन विषारी वनस्पतींची कोवळी पानं रानलसणातच मिसळून येतात. पान चुरडून वास घ्या हा सल्ला अर्धवट आहे, कारण दोन पानांनंतर हाताला लसणाचाच वास राहतो आणि मग सगळंच लसूण वाटतं. एकेक पान बघून तोडण्याचा धीर नसेल तर दुकानातला लसूण बरा.

२१. रायस्लिप फार लांब पडतं. दुसरीकडे कुठे?

पूर्व लंडनमधून वॉन्स्टेड पार्कचं शॅले वूड. तिथे वाटांच्या कडेला ओंडके लावून ठेवलेत, त्यामुळे प्रश्न १० उद्भवतच नाही. नैर्ऋत्येला क्यू गार्डन्समध्ये क्वीन शार्लट्स कॉटेजभोवती, अर्थात बागेचं तिकीट काढून. दिवसभराची सहल करायची तर हर्टफर्डशरमधलं अ‍ॅशरिजचं डॉकी वूड. तिथे हंगामात गर्दी आवरायला शुल्क आणि आगाऊ नोंदणी असते, निघण्याआधी ते रान सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या संकेतस्थळावर बघा. पेरिव्हेल वूड ईलिंगच्या जवळ आहे पण एरवी बंद असतं, वसंतात ठरावीक दिवशीच उघडतं.

२२. आम्ही २० मेला पोचलो. फुलं संपली होती. मग तरी वाटेबाहेर चालायला हरकत नाही ना?

आहे. फुलं सुकली तरी पानं अजून हिरवी असतात आणि कंद भरायचं काम चालूच असतं. देठावर हिरव्या बोंडांत बिया धरलेल्या असतात. जूनअखेरपर्यंत पानं पिवळी पडून झोपतात, बिया गळतात. त्यानंतर वर काही दिसत नाही, पण जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा हिरवी टोकं वर यायला लागतात, आणि तीही पायाखाली येतातच. थोडक्यात, वाट बाराही महिने तीच.

वीस मेला आलात तर वर बघा. हॉर्नबीमची पानं नुकती पुरी झालेली असतात, त्यातून येणारा उजेड काकडीच्या फोडीसारखा हिरवा असतो.